आठ नंबरचं बिट

आमच्या हॉलच्या भिंतीवर एक फळी आहे. तीन फूट लांब, दहा इंच रुंद. तिच्यावर एक मनी प्लांट, वायफायचा डबा आणि कुणाच्या तरी मुंजीत मिळालेला पितळी हत्ती, एवढाच संसार. सुतारानं ती लावायचे तीनशे रुपये सांगितले होते. 'एवढ्याशा कामाला तीनशे?' असं म्हणून मी ती स्वतः लावली. त्या फळीपायी आजवर साडेसहा हजार रुपये गेले आहेत, आणि पाहुणे आले की बायको त्यांना आग्रहानं सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसवते.

हत्यारांशी माझा संबंध तसा जुना, पण बॅटरी धरण्यापुरता. अमरावतीच्या घरी फ्यूज उडाला, नळ गळायला लागला, सायकलची चेन अडकली, की वडील हत्यारांचा डबा काढत आणि मला हाक मारत. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. त्यात एक पकड, एक टेस्टर, दांडा हलणारी हातोडी आणि बाकी सगळे वाकडे खिळे, ठोकून सरळ केलेले. नवा खिळा आमच्या घरात मी पाहिलेला नाही. माझं काम एकच. वडील जिथे बघतायत तिथे बॅटरीचा झोत पाडायचा. ते कुठे बघतायत हे त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला कसं कळावं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. 'इकडे दाव ना! तिकडे काय पाहून राहिला?' हे एक वाक्य ऐकत मी दहावीपर्यंत पोचलो. नळाचा वायसर कसा बदलतात ते मला आजही येत नाही. नळाकडे मी कधी पाहिलंच नाही, मी झोताकडे पाहत होतो.

तर 2017 च्या दिवाळीत मी ड्रिल मशीन घेतलं. साडेपाचशे वॅटचं, हॅमरवालं. खोक्यावर एक दणकट दाढीवाला हसत हसत भिंतीला भोक पाडत होता आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर धुळीचा कण नव्हता. मला तिथेच संशय यायला हवा होता. पण मशीन हातात घेतलं आणि भान गेलं. हा पिस्तुलासारखा दांडा आणि बोटाखालचा चाप ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीनं खरोखरच पिस्तूल पाहून बनवला आणि 1917 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणून तर ते हातात आलं की अंगात काहीतरी संचारतं. बेडरूममधल्या आरशासमोर मी ते दोनदा रोखून पाहिलं. दुसऱ्या वेळी मागे मुलगी उभी होती.

स्क्रू आणायला पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीत गेलो. तिथे आपल्याला काय करायचंय ते सांगायचं नसतं, किती नंबरचं हवं ते सांगायचं असतं.

"फळी लावायचीय. स्क्रू द्या."

"कितीचे?"

"वीस-पंचवीस रुपयांचे द्या."

दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "पस्तीस-आठ देऊ?"

"द्या."

"गिट्टी?"

अमरावतीकडे गिट्टी म्हणजे खडी. ती ट्रकनं येते आणि स्लॅबमध्ये जाते. मी म्हणालो, "गिट्टी नको. नुसती फळीच लावायचीय, स्लॅब नाही टाकायचा."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघांनीही वळून पाहिलं. दुकानदारानं प्लॅस्टिकच्या बोटभर नळकांड्यांची पुडी काउंटरवर ठेवली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "साहेब, याला गिट्टी म्हणतात. भोक पाडायचं, त्यात ही ठोकायची, हिच्यात स्क्रू पिळायचा. स्क्रू आत गेला की ही फुगते आणि भिंतीला धरून बसते."

या नळकांड्याचा इतिहास मी नंतर वाचला. आधी वाचला असता तर बरं झालं असतं. पूर्वी भिंतीत छन्नीनं चांगला चौकोनी खड्डा करून त्यात लाकडी गुटका चिणत आणि मग गुटक्यात स्क्रू घालत. आमच्या अमरावतीच्या घरात असे गुटके होते आणि त्यांच्याभोवतीचा गिलावा कायम खपली धरल्यासारखा दिसे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचं काम करताना भिंतींची अशी नासधूस चालणार नव्हती, म्हणून जॉन रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदारानं 1911 च्या सुमारास बारक्या भोकात बसणारी तागाची नळी काढली. पुढे 1958 मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशरनं ती नायलॉनची केली. म्युझियमच्या भिंती अशा वाचल्या. आमच्याही 2017 पर्यंत शाबूत होत्या.

आता 'पस्तीस-आठ'चं. यातले पस्तीस म्हणजे स्क्रूची लांबी, मिलिमीटरमध्ये. मग आठ म्हणजे जाडी, तीही मिलिमीटरमध्येच, असं कुणीही सरळ माणूस धरील. मी धरलं. ते तसं नाही. आठ हा नुसता नंबर आहे. आठ नंबरचा स्क्रू मोजायला गेलं तर सव्वाचार मिलिमीटरसुद्धा भरत नाही आणि त्याच्या गिट्टीला सहा एमएमचं भोक पुरतं. एकाच पुडीवरचे दोन आकडे दोन वेगळ्या घराण्यांतले असतात हे मला कुणी सांगितलं नाही. मी ऐटीत म्हणालो, "आणि आठचं बिट द्या." दुकानदारानं दिलं. बोहरी आळीत मागितलं ते मिळतं.

रविवारी सकाळी दहाला मुहूर्त धरला. दुपारी दोन ते चार ड्रिल मारू नये अशी पाटी आमच्या सोसायटीत लिफ्टजवळ आहे, त्यामुळे वेळ हाताशी ठेवली होती. मी स्टुलावर, बायको स्टूल धरून, मुलगी भिंतीखाली वर्तमानपत्राची झोळी करून. ही तीन माणसांची मांडणी महत्त्वाची आहे. घरच्या कारागिरीत काम एक जण करतो असं वाटतं, पण धरणारी माणसं दोन लागतात आणि पुढचे आठ दिवस घरात जे वातावरण असतं ते त्या धरणाऱ्यांवर अवलंबून असतं.

चाप दाबला. आवाज असा, की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. मी अंगाचा भार टाकला. पाच मिनिटं झाली, भिंतीला देवीच्या व्रणाएवढा खळगा पडला. बिटाच्या टोकाशी धूर दिसायला लागला.

"सळई लागली," मी वरून जाहीर केलं आणि पाच इंच डावीकडे सरकलो. तिथेही सळई. मग उजवीकडे. तिथेही.

"सगळ्या भिंतीत सळईच भरलीय का?" स्टूल धरलेल्या बाजूनं प्रश्न आला. "बिल्डरनं एवढा चांगुलपणा केला असेल असं वाटत नाही."

एकंदर दहा मिनिटं झाल्यावर झोळी धरलेली मुलगी म्हणाली, "बाबा, त्या बटणावरचा बाण उलटा आहे."

मशीन उलटं फिरत होतं. उलटं फिरणं हे स्क्रू काढण्यासाठी असतं. माझ्याकडे त्या वेळी काढायला स्क्रू नव्हता, पण मी तीन ठिकाणी तो काढण्याचा कसून प्रयत्न केला होता. बिटाचं टोक मोरपिसासारखं निळं झालं होतं. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की असा रंग चढतो. लोहाराला तो मुद्दाम आणावा लागतो, मला सहज जमला.

बटण सरळ केल्यावर मात्र मऊ भातात बोट जावं तसं बिट आत गेलं. लाल भुगा भुरभुरत झोळीत पडला. आत वीट होती, साधी वीट. मी गिट्टी भोकाशी धरली, हातोडी उचलली, आणि ढोलीत खार शिरावी तशी ती ठोकायच्या आधीच आत नाहीशी झाली. सहाची गिट्टी, आठचं भोक.

"पकड दे, पकड! लवकर!"

बायको स्टूल सोडून धावली आणि स्वयंपाकघरातून पातेलं उतरवायची सांडशी घेऊन आली. ती सांगलीची. तिच्या माहेरी सांडशीला पकड म्हणतात. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि हा शब्द आमच्यात दोन अर्थांनी वावरतोय हे आम्हाला स्टुलावर कळलं. मी काही न बोलता सांडशीनं प्रयत्न केला. गिट्टी निघाली नाही, सांडशीचा रिबीट मात्र ढिला झाला. तेव्हापासून आमच्याकडे दुधाचं पातेलं उतरवताना सगळे जण दोन पावलं मागे सरकतात.

पुढचे उपाय सगळ्यांनी केलेले असतील, म्हणून थोडक्यात सांगतो. काड्यापेटीतल्या काड्या, पांढरं सिमेंट, भिजवलेल्या कागदाचा बोळा. शेवटी पुन्हा बोहरी आळीत जाऊन आठच्या गिट्ट्या आणि त्यांना पेलतील असे जाडजूड स्क्रू आणले. जग स्क्रूच्या मापाचं भोक पाडतं, आम्ही भोकाच्या मापाचे स्क्रू आणतो. तोच आमच्या घरचा नियम झाला. आज घरात कॅलेंडरसुद्धा आठच्या गिट्टीवर टांगलेलं आहे. बारा पानांचं कॅलेंडर, पण त्याला लोंबकळून माणूस व्यायाम करू शकेल.

फळी लागली. मी तिच्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये, देवासारखा स्थिर. मी खाली उतरून लांब उभा राहिलो.

"तिरकी आहे," बायको म्हणाली.

मी पाणसळ दाखवली. ती म्हणाली, "मला बुडबुडा दाखवू नका. मला फळी दिसतेय."

दोघंही खरं बोलत होतो. फळी सरळ होती. तिच्यावरची छताची तुळई डावीकडे उतरती होती आणि शेजारची दाराची चौकट उजवीकडे कललेली. दोन वाकड्यांच्या मध्ये एक सरळ सापडलं की तेच वाकडं दिसतं. पुढे कपाटाच्या कामाला आलेल्या सुतारमिस्त्रींना मी हे सांगितलं. त्यांनी एक डोळा मिटून फळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, लेव्हल भिंतीपुरती. घरात डोळ्याला बरं दिसेल तसं लावायचं." एवढ्या ज्ञानाचे तीनशे रुपये मला मुळीच जास्त वाटले नाहीत, पण ते मी आधीच दुसरीकडे घातले होते.

ड्रिलचा आवाज हा दवंडीसारखा असतो. त्याच संध्याकाळी चौथ्या मजल्यावरून निरोप आला, "मशीन आहे का घरी?" तेव्हापासून सोसायटीत माझी ओळख 'मशीनवाले काका' अशी आहे. जिन्यात भेटलेली माणसं माझी नाही, मशीनची खुशाली विचारतात. मशीन जातं आणि येतं. येताना कधी त्याची चकची किल्ली नसते, कधी त्याच्याबरोबर दुसऱ्याच कुणाची तरी वायर येते. एका दसऱ्याला ते परत आलं तेव्हा त्याला हार घातलेला होता. खंडेनवमीला त्याची पूजा कुणी केली ते अजून कळलेलं नाही, पण पूजेच्या वेळीही ते माझ्या घरी नव्हतं एवढं खरं.

आता एक गोष्ट सांगतो ती मनावर घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दाराजवळ किल्ल्यांचा बोर्ड लावून हवा होता. मशीनबरोबर मीही गेलो, कारण एव्हाना मला आत्मविश्वास आला होता. काकूंनी दाखवलेली जागा विजेच्या बोर्डाच्या अगदी वर, वीतभर अंतरावर. दिसायला छान होती. मी चाप दाबला, फट् झालं आणि घर काळोखात गेलं. आतल्या खोलीत आजी मालिका बघत होत्या. बाहेर येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "आता ती त्याला काय म्हणाली ते कोण सांगणार?" भिंतीतल्या वायरी बोर्डापासून बहुधा सरळ वर किंवा सरळ खाली जातात, तेव्हा बोर्डाच्या वरचा आणि खालचा उभा पट्टा सोवळ्यातला समजायचा, तिथे बिट लावायचं नाही. बाथरूममध्ये नळाच्या वरच्या पट्ट्यालाही हेच लागू. मशीनचं अंग प्लॅस्टिकचं आणि एमसीबी तत्पर, म्हणून मी हे लिहायला आहे. इलेक्ट्रिशियनचे आठशे रुपये मी दिले. काकूंनी चहा दिला.

दरम्यान घरात हत्यारांची आणि स्वयंपाकघराची सरमिसळ वाढत चालली होती. सांडशीनं एकदा उंबरठा ओलांडल्यावर मग कुणालाच काही वाटेनासं झालं. गिट्टी ठोकायला खलबत्त्यातला बत्ता बरा पडतो हे मी शोधून काढलं. त्याची भरपाई म्हणून माझा सगळ्यात चांगला, मोठ्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर नारळाच्या करवंटीतून खोबरं सोडवायला गेला, तो परत आला नाही. टेस्टरची गंमत सांगायलाच नको. सबंध महाराष्ट्रात टेस्टरनं वीज तपासणारा माणूस विरळा, सगळे त्यानं स्क्रू पिळतात. पिळून पिळून आतला दिवा फुटतो आणि मग टेस्टर कुठेही लावला तरी वीज नाही असं सांगतो. अशा टेस्टरवर विश्वास ठेवू नका. माझ्याकडे असे तीन आहेत आणि टाकवत नाहीत, कारण स्क्रूला ते छान बसतात.

2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीची मखरं अडचणीत आली. आमचं मखर दरवर्षी थर्माकोलचंच. मी जाहीर केलं, या वर्षी सागवानी चौरंग घरी करायचा, वर प्लायवूडची महिरप. मिस्त्रींकडून पाऊण इंची प्लाय आणि चार पाय कापून आणले, प्रत्येकी बारा इंच. जोडणी मी केली. चौरंग जमिनीवर ठेवला आणि तो डुगडुगला.

"दोन सूत फरक आहे," मिस्त्री फोनवर म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार तो नजरेनं बघतात. मी टेपनं मोजून पेन्सिलीची रेघ मारली आणि लांब वाटणाऱ्या पायावर करवत चालवली. करवत स्वतःच अर्धा सूत लाकूड खाते, हे हिशेबात धरायचं असतं. धरलं नाही. आता पलीकडचा पाय लांब झाला. तो कापला. मग तिसरा. गंभीर शांततेत हे दोन रात्री चाललं. जमिनीवर भुश्श्याचे चार ढीग आणि त्यांच्या मध्ये दिवसेंदिवस नम्र होत जाणारा चौरंग. बाराचे नऊ झाले, नवाचे सहा. तीन इंचांवर आल्यावर बायको म्हणाली, "आता थांबा. हा पाट झालाय."

तिसऱ्या दिवशी इंजिनिअरिंगला असलेला भाचा आला. त्यानं चौरंग, म्हणजे पाट, उचलून दुसऱ्या खोलीत ठेवला. तिथे तो वेगळ्याच बाजूनं डुगडुगला. भाच्यानं पहिल्या जागी वाकून फरशीवरून हात फिरवला. एक फरशी दुसरीपेक्षा वर आली होती. चौरंग पहिल्या दिवशी सरळच असावा. मग त्यानं मला समजावलं, की पाय सारखे असतील तर उंचसखल जमिनीवरही चौरस टेबल जागच्या जागी फिरवत गेलं, तर पाव फेरीच्या आत कुठेतरी त्याचे चारही पाय टेकतात. हे गणितानं सिद्ध झालेलं आहे, फक्त जमिनीला एकदम पायरी असता कामा नये. तिवई तर कधीच डुगडुगत नाही, तिला तीनच पाय. हे ज्ञान बारा इंचांच्या वेळी मिळालं असतं तर गणपतीला मान वर करून पाहता आलं असतं. त्या वर्षी सगळ्यांनी बसून आरती केली.

त्याच वर्षी गणपतीच्या आदल्या रात्री मूर्तीसमोरच्या उंदराचा कान तुटला. मी झटपट चिकटणारा गम काढला. हा गम 1942 मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्याच्या सहकाऱ्यांना सापडला. ते बंदुकीचा नेम धरायच्या साधनासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. जे हाताला लागेल त्याला हे चिकटतं म्हणून त्यांनी ते तेव्हा बाजूला टाकलं. मला त्यांचं दुःख पूर्ण समजतं. हा गम ओलाव्यानं घट्ट होतो, आणि भाद्रपदातल्या पुण्यात ओलावा नाही असा पदार्थ नसतो. कान उंदराला चिकटला आणि उंदीर माझ्या अंगठ्याला. ओढायचा तर मूषक मोडेल. रात्रीचे साडेअकरा. कोमट साबणाचं पाणी झालं, तेल झालं. शेवटी मुलीनं नेलपॉलिश काढायची बाटली आणली. तिच्यात ॲसिटोन असतं, त्यानं हा गम सुटतो. सुटेपर्यंत पाऊण तास मी उजव्या हातावर उंदीर घेऊन बसलो होतो आणि मुलगी मोबाईलचा उजेड पाडत होती.

"अगं, इकडे दाखव," मी म्हणालो. "तिकडे काय बघतेयस?"

परवा एक हिशेब केला. आजवर या मशीननं घरात आणि सोसायटीत मिळून मी पाडलेली भोकं सत्तावीस. दर भोकाला अर्धं मिनिट धरलं आणि पहिल्या दिवसाची उलटी दहा मिळवली, तर मशीन माझ्या हातात जेमतेम चोवीस मिनिटं चाललं आहे. उरलेला काळ ते दुसऱ्यांच्या घरी होतं. गेल्या मार्चमध्ये ते असंच कुठून तरी परत आलं. किल्ली होती, वायर माझीच होती, बिट मात्र नव्हतं. घरातली सगळी भोकं आठची असल्यानं दुसरं कुठलं बिट आम्हाला चालत नाही, आणि स्नानघरातला टॉवेलचा दांडा तेव्हापासून पिशवीत पडून आहे.

तर आमच्या इमारतीतल्या, आणि मशीन तिच्याबाहेरही गेलं असेल तर बाहेरच्याही, सर्वांना विनंती. आठ एमएमचं बिट ज्यांच्याकडे राहिलं असेल त्यांनी ते आणून द्यावं. बेल वाजवायला संकोच वाटत असेल तर दाराला दुधाची पिशवी टांगलेली असते, तिच्यात टाकलं तरी चालेल. ओळखायला सोपं आहे, टोक निळं आहे.